फट

सातव्या टीवर ओइवा आधी पिशवी उतरवतो,
मग थर्मास,
मग बराच वेळ नुसता उभा राहतो.
समोर दोनशे दहा पावलं स्प्रूस,
मधूनमधून भूर्ज, पांढरे, अंगावर काळे ओरखडे,
आणि टोपली कुठेच नाही.
ती डावीकडे, ओढ्याच्या अलीकडे आहे,
आम्हाला माहीत आहे म्हणून आहे.

माझ्या हातात लांब पल्ल्याची तबकडी,
कडा पात्यासारखी पातळ.
"ती ठेव आत," तो म्हणतो,
"दूध आणायला कुणी ओंडक्यांचा ट्रक काढत नाही.
जाड कडेची घे, बोथट.
चुकली तरी ती फार लांब जाऊन चुकत नाही."

चाळीस वर्षं या माणसानं याच पट्ट्यात झाडं पाडली.
डाव्या कानानं आता ऐकू येत नाही,
करवतीच्या थरथरीनं मेलेली बोटं
सप्टेंबरातच पांढरी पडतात.
डॉक्टरनं चालायला सांगितलं,
आणि नुसतं चालणं त्याला जमत नाही.

तांपेरेहून आलेली पोरं सांगतात,
झाड म्हणजे नव्वद टक्के हवा.
ओइवा कॉफीत रस्क बुडवतो.
"मला घनमीटरवर पगार होता बाबांनो,
हवेचे पैसे कधी कुणी दिले नाहीत."

त्याचं शास्त्र थोडकं, आणि तेही तो सलग सांगत नाही.
दुसऱ्या टीवर अर्धं वाक्य, उरलेलं पाचव्यावर,
मधे ब्लूबेरी.
जवळचं झाड चुकव, लांबचं निम्म्या वेळा आपणहून चुकतं.
वर बघ, फांद्यांचं छत किती खाली आलंय ते.
खोडाकडे बघू नकोस, फटीकडे बघ;
डोळा जिथे, हात तिथे.

हे मला ठाऊक होतं.
अठरा वर्षं मी शाळेची बस चालवते.
धुक्यात रस्त्यावर मूस उभा राहिला
की मूसकडे बघायचं नसतं,
त्याच्या मागच्या रिकाम्या रस्त्याकडे बघायचं.
पण बसमध्ये मागे बावीस मुलं असतात.
इथे मागे कुणी नाही,
म्हणून मी खोडाकडे बघते.

टक्.

जंगलात हा आवाज फार स्वच्छ येतो.
तबकडी उजवीकडे, पडलेल्या फांद्यांच्या ढिगात.
मी गुडघ्यांवर, मानेत सुया, कोपराला शेवाळ,
आणि तिथून, दोन खोडांच्या मधून,
ताटाएवढ्या उजेडात
साखळी चमकते.

"सिनिक्का," मागून आवाज, "दहांतून किती वेळा जाईल?"
"तीन."
"मग सात वेळा तू तिथेच राहणार.
आडवी टाक. वाटेवर ये.
वाटेवर यायला लाज कसली?"

मी आडवी टाकत नाही.
मनगट मोडल्यासारखं वळवते, आणि ती जाते,
दोन्ही खोडांना न शिवता,
ओढ्याअलीकडच्या मऊ मातीत बसते,
टोपलीपासून चार पावलांवर.

ओइवा टोपी मागे सारतो.
"तीनांतली एक खर्च झाली," म्हणतो.
"दोन उरल्या. जपून वापर."

त्याची पाळी.
डावीकडच्या कोपऱ्यातला मोठा स्प्रूस
नोव्हेंबरच्या वादळात गेला,
तेव्हापासून तिथे सरळ खिडकी आहे.
सगळे तिथूनच टाकतात, वीस पावलं वाचतात.
ओइवा टाकतो ती जुन्याच वाटेनं,
नसलेल्या झाडाला पूर्ण वळसा घालून,
फांद्या असत्या तिथून जरा खाली.

मी विचारलं नाही.
बुंध्याजवळून जाताना त्यानं पायानं सालीचे तुकडे बाजूला केले,
म्हणाला, "याच्यावर मी निळी खूण केली होती.
ठेवायचं, अशी."
आणि ओढ्याकडे निघाला.

मी चार पावलांवरून साखळीत टाकली.
त्यानंही दुसरी जवळ नेली, तिसरी आत.
कार्डावर दोघांचे तीन.
कार्डाला झाडं दिसत नाहीत.

आठवा चढाचा आहे.
त्यानं बोटं काखेत धरून ऊब दिली
आणि पुन्हा बराच वेळ
नुसता उभा राहिला.